अमेरिकेची घटना आणि आमच्या घरातलं एक मत

फिलिबस्टर हा शब्द आमच्या घरात पहिल्यांदा उच्चारला गेला तेव्हा आई साबुदाणा भिजवत होती, आणि तिला वाटलं की हे कुठल्यातरी नव्या चॉकलेटचं नाव आहे. “गोड काही आणायचं नाही आता,” ती म्हणाली, “आधी आरशात दात बघ जाऊन.” मी कपाळावर हात मारला. अपर सिक्स्थचं, म्हणजे शाळेचं शेवटचं, ते अख्खं वर्ष मी कपाळावर हात मारण्यातच घालवलं, असं आता वाटतं. ए-लेव्हलला मी केमिस्ट्री आणि बायॉलॉजीच्या जोडीला पॉलिटिक्स घेतलं होतं. पहिल्या वर्षी ब्रिटनचं पार्लमेंट, इथले पक्ष, इथल्या निवडणुका. ते ठीक होतं, रोज टीव्हीवर दिसणारं होतं. दुसऱ्या वर्षी पुस्तक उघडलं तर समोर अमेरिका. फिलिबस्टर, जेरीमँडरिंग, पोर्क बॅरल, लेम डक. कुणीतरी प्राणिसंग्रहालय आणि खाटीकखाना एकत्र चालवायला घ्यावा तसे ते शब्द. आपण हाउन्सलोमध्ये राहतो, मग हे कशाला शिकायचं, असं मी आमच्या बाईंना, मिसेस प्राइसना, एकदा विचारलं. त्या वेल्श होत्या आणि कसल्याही प्रश्नाने त्यांचा चेहरा हलत नसे. “सिलॅबसमध्ये आहे म्हणून,” त्या म्हणाल्या आणि फळा पुसायला लागल्या. दर शुक्रवारी त्या या शब्दांची टेस्ट घ्यायच्या. एका वाक्यात व्याख्या लिहायची, आणि ‘साधारण असं काहीतरी’ लिहिलं की शून्य.

आमचं घर विमानांच्या वाटेखाली होतं. हीथ्रोला उतरणारी विमानं चाकं बाहेर काढून आमच्या छपरावरून जायची आणि कपाटातल्या बश्या किणकिणायच्या. बोलता बोलता थांबायचं, विमान जाऊ द्यायचं आणि वाक्य जिथे सोडलं तिथून उचलायचं, ही सवय आम्हा तिघांनाही इतकी अंगवळणी पडली होती की आपण थांबतो हेही आम्हाला कळत नसे. भारतातून आलेले पाहुणे मात्र विमानाशी स्पर्धा करत ओरडत राहायचे आणि रात्री त्यांचे घसे बसायचे. पुढे मी मँचेस्टरला शिकायला गेले तेव्हाही भांडताना मधेच गप्प व्हायचे, आणि समोरच्याला वाटायचं, मी हरले.

बाबा पश्चिम लंडनमधल्या एका हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ होते. दिवसभर लोकांना झोपवून आलेला हा माणूस घरी आला की कुणाला स्वस्थ बसू द्यायचा नाही. आई विमानात द्यायची जेवणं जिथे तयार होतात त्या किचनमध्ये शिफ्टला जायची. दुपारी घरी आल्यावर चहा पिऊन ती पुन्हा गॅसपाशी उभी राहायची, आमच्यासाठी. आमचा एक्स्ट्रॅक्टर फॅन फक्त आवाज करायचा, वास ओढायचा नाही, त्यामुळे फोडणी टाकायच्या आधी आई खालून हाक द्यायची, “कोट वर न्या गं!” आणि मी हॉलमधले सगळ्यांचे कोट कवेत घेऊन जिना चढायचे. तरी माझ्या शाळेच्या ब्लेझरला बारा महिने हिंगाचा वास यायचाच. जेवण मात्र काय असायचं! हाउन्सलोच्या दुकानात मिळणाऱ्या पालेभाज्यांचं ती असं काही करायची की बाबा ताट पुसून घ्यायचे. दिवसभर हजारो ताटं मोजून-मापून भरणारी ही बाई घरी मिठालासुद्धा चमचा वापरत नसे.

मी पॉलिटिक्स घेतलं ते बाबांना मुळीच पटलं नव्हतं. “हा काय विषय आहे? हे तर लोक चहा पिता पिता करतात,” असं त्यांचं म्हणणं. पण मेडिसिनला तिसरा विषय कुठलाही चालतो हे कळल्यावर त्यांनी विरोध सोडला, आणि त्यानंतर जे केलं ते विरोधापेक्षा वाईट होतं. त्यांनी माझं पुस्तक वाचून काढलं. परीक्षा घेतल्याशिवाय राहवत नाही अशा जातीचा तो माणूस. ताट वाढलं की सुरू.

“पॉकेट व्हीटो. सांग.”

“बाबा, प्लीज. जेवू द्या मला.”

“जेवता जेवता सांग.”

“प्रेसिडेंटने बिलावर सही नाही केलं आणि तसंच ठेवून दिलं, की बिल मरतं.”

“मरतं नव्हे, मरतं केव्हा? दहा दिवसांत, रविवार सोडून, आणि तेवढ्यात काँग्रेसचं अधिवेशन संपलं असेल तरच. नाहीतर सही न करताही कायदा होतो. अर्धी व्याख्या म्हणजे चुकीची व्याख्या.”

“जिन्यातला बल्ब बदला म्हणून मी गणपतीपासून सांगते आहे,” आई आमटी वाढत म्हणाली. “हो म्हणत नाहीत, नाही म्हणत नाहीत. त्याला काय म्हणतात?”

“तेच,” मी म्हटलं. बाबांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि मला पुढचा शब्द विचारला.

आज हे सगळे शब्द सकाळी उठल्याउठल्या माझ्या फोनवर येऊन पडलेले असतात. अमेरिकेत कुणी शिंकलं तरी इथे आम्हाला सर्दीची बातमी वाचावी लागते. परवा माझी मुलगी फोनवर म्हणाली, “आई, तू फिलिबस्टर करते, मला बोलूच देत नाही.” क्रियापदांचं तिचं काही खरं नाही, पण व्याख्या बिनचूक होती, तेव्हा मी गप्प बसले. माझंही मराठी त्या वयात काही वेगळं नव्हतं. ‘माझी घर’ आणि ‘तो पुस्तक’ असं मी बेधडक बोलायचे. आज मी हे मराठीत लिहिते आहे याला कारण आईचा रविवारचा वर्ग, आणि त्या वर्गाचा मला तेव्हा मनापासून कंटाळा होता.

हाउन्सलो आणि आसपासच्या तीसेक मराठी घरांचं एक छोटंसं मंडळ होतं. एका प्राथमिक शाळेचा हॉल रविवारी भाड्याने घ्यायचा, तिथे गणपती, दिवाळी, हळदीकुंकू, सगळं. हॉलला लागून एक लहान खोली होती. तिथे आई मुलांना मराठी शिकवायची. बुटक्या खुर्च्यांवर गुडघे पोटाशी घेऊन आम्ही बसायचो आणि ‘ळ’ म्हणायचो. जीभ मागे वळवा, अजून मागे, असं म्हणत आई एकेकासमोर तोंड उघडून उभी राहायची, दाताच्या डॉक्टरसारखी. मुलं आईबापांच्या धाकाने यायची, आणि ज्यांच्या आईबापांचा धाक कमी ती यायची नाहीत. मी मोठी झाले तरी माझी सुटका नव्हती. मला लहानांची शुद्धलेखनं तपासायला बसवलं होतं, म्हणजे आंधळ्याने आंधळ्याला रस्ता दाखवायचा.

मंडळाचे अध्यक्ष होते डॉक्टर कर्णिक, आमचे कर्णिक काका. मंडळ त्यांनीच काढलं आणि तेव्हापासून अध्यक्ष तेच. सर्जन होते, उंच, भरदार आवाजाचे. भाषणाला उभे राहिले की स्वयंपाकघरातल्या बायका पुऱ्या तळायचं थांबवायच्या, कारण भाषण संपेपर्यंत त्या गार होणार हे ठरलेलं. पण माणूस मनाने मोठा होता. बाबा इंग्लंडला आले तेव्हा त्यांच्याकडे एक सूटकेस होती आणि नोकरी नव्हती. पहिला हिवाळा ते कर्णिकांच्या घरी, कर्णिकांच्या खोलीत, कर्णिकांचाच कोट घालून राहिले. नोकरीसाठी शब्दही काकांनीच टाकला. त्यानंतर कितीतरी वर्षं त्या हॉस्पिटलात बाबा झोपवायचे आणि काका कापायचे. काकांनी मंडळाचं सेक्रेटरी व्हायला सांगितलं, बाबा झाले. काकांनी मंडळाची घटना लिहायला सांगितली, बाबांनी लिहिली. एक घर, एक मत, आणि ते मत कुटुंबप्रमुखाने द्यायचं. आमच्या मंडळात कुटुंबप्रमुख म्हणजे कोण हे कुणी कुणाला विचारलं नाही. सगळ्या बायका स्वयंपाकघरात असायच्या आणि हॉलमध्ये हात वर व्हायचे ते पुरुषांचे.

त्या शरदात एके दिवशी देशपांडे काकूंचा फोन आला. त्या आईच्या जवळच्या मैत्रीण, त्यांचे यजमानही कमिटीत. बोलता बोलता त्या सहज म्हणाल्या, “बरं झालं बाई, आता रविवारी जरा मोकळी झालीस.” आईला काही कळेना. मग कळलं. ती फोन ठेवून आली. बाबा जेवत होते.

“अहो,” आई म्हणाली, “रविवारचा वर्ग बंद केला म्हणे.”

बाबांचा हात भाकरीवर थांबला. “म्हणजे तसा ठराव झालाय. मी तुला सांगणारच होतो.”

“कधी?”

“मुलं कमी येतात गं. आणि त्या खोलीत टेबल टेनिस ठेवावं, असं सगळ्यांचं मत पडलं.”

“सगळ्यांचं म्हणजे कुणाचं?”

“कमिटीचं.”

“तुम्ही कमिटीत आहात.”

“मी सेक्रेटरी आहे. मी फक्त लिहून घेतो.”

वरून विमान गेलं. बश्या वाजल्या, थांबल्या. विमान गेल्यावर वाक्य कुणीच उचललं नाही. टेबल टेनिसने माझ्या रविवारची सुटका होणार होती, मला खरं तर आनंद व्हायला हवा होता. पण आईचं तोंड बघून तो झाला नाही. ती बाबांकडे बघत नव्हती. आमटीत बघत होती.

दुसऱ्या दिवशी शिफ्टवरून आल्यावर दारातच बूट काढता काढता ती म्हणाली, “मी अध्यक्षपदाला उभी राहणार आहे.” बाबा हसले. मग त्यांच्या लक्षात आलं की आपण एकटेच हसतो आहोत. उमेदवार सभासद-कुटुंबातली कोणतीही सज्ञान व्यक्ती असू शकते, असं घटनेत त्यांनीच लिहून ठेवलेलं होतं. बायका उभ्या राहतील हे कुणाच्या डोक्यातही आलं नसल्यामुळे त्याला बंदी घालायची राहून गेली होती.

मग सुरू झाला तो प्रचार, आणि माझा संताप. आईला गाडी चालवता येत नव्हती, त्यामुळे आम्ही बसने हिंडलो. तिच्या हातात चिवड्याचे डबे, माझ्या हातात माझं पुस्तक, कारण शुक्रवारची टेस्ट काही थांबत नव्हती. पहिल्याच घरी आईने डबा पुढे केला तेव्हा मी म्हटलं, “आई, धिस इज पोर्क बॅरल. मतं मिळावी म्हणून आपल्या लोकांना काहीतरी वाटायचं.”

“पोर्क कुठलं? पोह्यांचा आहे,” आई दुखावून म्हणाली, आणि त्या घरातल्या काकूंनी उचललेली मूठ परत डब्यात ठेवली. त्यांची समजूत घालण्यात आमचा अर्धा तास गेला.

पण खरा वैताग वेगळाच होता. प्रत्येक घरात बाई आईच्या बाजूने असायची. “अगदी बरोबर आहे तुझं,” म्हणायची. “आम्ही वर्षानुवर्षं पुऱ्या लाटायच्या आणि ठराव यांनी करायचे! उभी राहा तू, आम्ही आहोत.” चहा यायचा. गप्पा व्हायच्या. दारापर्यंत सोडायला यायची, आणि चपला घालताना तेच एक वाक्य यायचं, “आमच्या ह्यांना विचारते हं.” पहिल्या चार घरी मी ऐकून घेतलं. पाचव्या घरून बाहेर पडल्यावर बस स्टॉपवर मी ओरडलेच, “काय विचारते? व्हॉट इज देअर टु आस्क?”

“मत त्यांचं आहे ना,” आई म्हणाली.

“त्यांचं कसं? घराचं आहे!”

“तेच ते.”

त्याच आठवड्यात मिसेस प्राइस इलेक्टोरल कॉलेज शिकवत होत्या. अमेरिकेत लोक मत देतात, पण प्रेसिडेंट निवडतात ते इलेक्टर, प्रत्येक राज्याचे प्रतिनिधी. ज्याचं नाव सांगून इलेक्टर निवडून आला त्याला मत न देता भलत्यालाच दिलं, तर तो फेथलेस इलेक्टर, बेइमान. मी हे संध्याकाळी आईला समजावून सांगितलं. तिने लाटणं थांबवून ऐकलं.

“म्हणजे अमेरिकेतही बायकांना नवऱ्याला विचारावं लागतं?”

“नाही गं! तसं नाही!”

“मग तू आत्ता काय सांगितलंस?”

“व्याख्या चुकली,” बाबा पेपरच्या मागून म्हणाले. “इलेक्टर वचनबद्ध असला पाहिजे. वचनच दिलं नसेल तर तो बेइमान ठरत नाही.”

मला तो पेपर फाडून टाकावासा वाटला. मी म्हटलं, “मग बाबा, तुम्ही कुणाला वचन दिलंय? आपल्या घराचं मत कुणाला आहे?”

बाबांनी पेपरची घडी घातली. नीट, कडा जुळवून. “मतदान गुप्त असतं,” ते म्हणाले.

आई त्यांच्याकडे बघत राहिली. “घराचं मत,” ती म्हणाली, “घरापासूनच गुप्त?”

बाबा उठून जिन्यातला बल्ब बदलायला गेले. इतक्या महिन्यांनी.

निवडणुकीच्या आदल्या आठवड्यात कर्णिक काका स्वतः घरी आले, हातात बर्फीचा खोका. आईने कांदेपोहे केले. काकांनी दोनदा मागून घेतले आणि मग मूळ मुद्द्याला हात घातला.

“वहिनी, तुम्ही रागावलात ते मला कळतंय. मी म्हणतो, महिला विभाग काढू. तुम्ही त्याच्या प्रमुख. हळदीकुंकू, रांगोळी, खाण्याचं सगळं, पूर्ण तुमच्या हातात.”

“ते आत्ताही माझ्याच हातात आहे, भाऊजी,” आई म्हणाली. “वर्ग सोडून.”

“मुलं येत नाहीत हो वर्गाला. माझी स्वतःची नात येत नाही. टेबल टेनिसला निदान मंडळात पाऊल तरी ठेवतील.”

“ठेवतील, आणि इंग्लिशमध्ये खेळून घरी जातील.”

मी मधे बोलायला नको होतं, पण मला राहवलं नाही. “काका, अमेरिकेत प्रेसिडेंटला दोनच टर्म्स असतात.”

काका मोठ्याने हसले. “अगं, हे हाउन्सलो आहे.” मग हसू थांबवून ते बाबांकडे वळले. आवाज खाली आला. “सुधाकर, तू काही बोलत नाहीस.”

“मी सेक्रेटरी आहे,” बाबा म्हणाले. “मला तटस्थ राहिलं पाहिजे.”

काकांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. तो कोट, ती खोली, तो शब्द, काही एक काढलं नाही. नुसता हात ठेवला आणि निघाले. त्यांच्या गाडीचा आवाज लांब जाईपर्यंत बाबा दारात उभे होते. आई पोह्यांच्या बश्या उचलत होती, एकेक बशी जरा जास्तच आवाज करून. मला दोघांचाही राग आला होता. ज्या घरात शब्दाशब्दाची व्याख्या विचारली जाते, त्या घरात एका साध्या प्रश्नाचं उत्तर मिळू नये!

सभा रविवारी दुपारी होती. जेवण आधी, निवडणूक नंतर, म्हणजे पुरुष पोटभर जेवून खुर्च्यांत बसलेले आणि बायका आत भांड्यांपाशी. पण त्या दिवशी भांडी तशीच ठेवून बायका एकेक करत बाहेर आल्या आणि पदराला, ओढणीला हात पुसत भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. कर्णिक काका बोलले, नेहमीप्रमाणे लांबलचक. मग आई उभी राहिली. ती घरून पाठ करून आली होती हे मला माहीत होतं, कारण आठवडाभर मी ते बाथरूमच्या दाराआडून ऐकलं होतं. प्रत्यक्षात ती ते सगळं विसरली. ती एवढंच म्हणाली, “मी तुमच्या मुलांना शिकवते. तो वर्ग तुम्ही बंद केलात आणि मला विचारलं नाहीत. मला ते मैत्रिणीकडून कळलं. दुसऱ्या कुणाच्या बाबतीत हे होऊ नये असं वाटतं, म्हणून उभी आहे.” आणि खाली बसली. टाळ्या वाजाव्यात की नाही हे कुणाला कळेना, म्हणून वाजल्या नाहीत.

मतदान चिठ्ठ्यांनी होतं. सेक्रेटरी एकेका घराचं आडनाव पुकारणार, घरातला प्रमुख येऊन चिठ्ठी घेणार, नाव लिहून डब्यात टाकणार. चिवड्याचाच रिकामा डबा होता तो. नियम असा की सेक्रेटरीने सुरुवात स्वतःच्या घरापासून करायची. बाबांनी आमचं आडनाव पुकारलं. स्वतःच्याच हाताने एक चिठ्ठी उचलली. खिशातून पेन काढलं, टोपण काढलं. मग बाबा टेबलामागून बाहेर आले, खुर्च्यांच्या रांगांमधून चालत आईपर्यंत गेले आणि चिठ्ठी आणि पेन तिच्यापुढे धरलं.

“आमच्या घराचं मत ही देईल,” ते म्हणाले.

कर्णिक काका उभे राहिले. “सुधाकर, हे काय? घटनेत स्पष्ट आहे. मत कुटुंबप्रमुखाचं.”

“हो,” बाबा म्हणाले. “कुटुंबप्रमुख असं लिहिलंय. पुरुष असं लिहिलेलं नाही. घटना मी लिहिली आहे, मला माहीत आहे. प्रमुख कोण, ते ज्या त्या घराने ठरवायचं.”

आईने चिठ्ठी घेतली. तिचा चेहरा लाल झाला होता. मग जे झालं ते मी जन्मात विसरणार नाही. बाबा परत टेबलापाशी गेले आणि त्यांनी पुढचं नाव पुकारलं, देशपांडे. देशपांडे काका उठायला लागले, तेवढ्यात भिंतीपाशी उभ्या असलेल्या काकू त्यांच्या आधी चालू लागल्या. काका अर्धे उठलेले होते, ते परत बसले. मग जोगळेकर. जोगळेकर काकांनी चिठ्ठी घेतली आणि बायकोकडे पाहिलं, बायकोने त्यांच्याकडे पाहिलं, आणि चिठ्ठीची मालकी बदलली. काही घरांत नाही बदलली. एका घरात नवराबायको टेबलापाशीच हळू आवाजात भांडले आणि चिठ्ठी तशीच कोरी टाकून आले. पण निम्म्याहून जास्त चिठ्ठ्या त्या दिवशी ओल्या हातांनी लिहिल्या गेल्या. मी मागे उभी राहून नखं खात होते. माझ्या सगळ्या पुस्तकात असा प्रसंग नव्हता. मला वाटलं, जिंकली आई. जिंकलीच.

मोजणी झाली. कर्णिक काका निवडून आले.

फार फरकाने नाही, पण आले. ज्यांनी बाबांच्या समोरून, नवऱ्यांच्या हातून चिठ्ठ्या घेतल्या होत्या, त्यांतल्या कितीतरी बायकांनी काकांचं नाव लिहिलं होतं! जोगळेकर काकू तर सरळ आईपाशी आल्या. “रागावू नकोस गं,” त्या म्हणाल्या. “माझं पित्ताशय काढलं त्यांनी. ऑपरेशनच्या आधी हात धरून बसले होते. मला मंडळात हे पहिलं मत द्यायला मिळालं, ते त्यांच्या विरुद्ध कसं देऊ?” मी तिथून निघून भांडी घासायला गेले, आणि एक पातेलं इतक्या जोराने घासलं की त्याचा तळ चमकायला लागला.

पुढचं थोडक्यात सांगते. वर्ग आमच्या बैठकीच्या खोलीत सुरू झाला, विमानांच्या खाली, आणि आधीपेक्षा जास्त मुलं यायला लागली, कारण आई त्यांना चिवडा द्यायची. पुढच्या वर्षी मंडळाने प्रत्येक सज्ञान माणसाला स्वतंत्र मत दिलं. तो ठराव कर्णिक काकांनी मांडला, जणू काही आत्ताच सुचलं आहे अशा थाटात, आणि त्यांना टाळ्या पडल्या. आई परत उभी राहिली नाही. मी विचारलं तर म्हणाली, “आता कशाला? वर्ग आहे, मत आहे.” तिच्या या समाधानी स्वभावाने मला जितका त्रास दिला तितका मिसेस प्राइसनीही दिला नसेल.

पण त्या दिवशी हॉलमधून घरी येतानाचं सांगायचं राहिलं. बाबा गाडी चालवत होते, आई शेजारी, मी मागे रिकाम्या पातेल्यांमध्ये अडकून बसलेली. आई हरली याचं दुःख होतं, जोगळेकर काकूंचा राग होता, पण या सगळ्याच्या वर बाबांचा अभिमान होता. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं होतं की हा माणूस आपला बाप आहे हे लोकांना सांगावं. मी मागून म्हटलंसुद्धा, “बाबा, तुम्ही ग्रेट होतात.” सिग्नलला गाडी थांबली.

“एक विचारू?” आई म्हणाली. “चिठ्ठी मला दिली नसतीत, तर कुणाचं नाव लिहिलं असतंत?”

मला वाटलं, हा काय प्रश्न झाला? उत्तर मीच देणार होते.

“कर्णिकांचं,” बाबा म्हणाले.

मागच्या गाडीने हॉर्न दिला. सिग्नल हिरवा झाला होता. बाबांनी गाडी पुढे काढली आणि रस्त्याकडे बघतच बोलत राहिले. “त्यांचं लिहिलं असतं तर घरी आल्यावर तुला तोंड दाखवता आलं नसतं. तुझं लिहिलं असतं तर उद्या सकाळी ऑपरेशन थिएटरमध्ये त्यांना. टोपण काढलं तेव्हा माझं मलाच कळलं की मला यातलं काहीच लिहिता येणार नाही. म्हणून तुला आणून दिली.”

“म्हणजे तुम्ही माझी बाजू घेतली नाहीत,” आई म्हणाली. “स्वतःची सुटका करून घेतलीत.”

“हो,” बाबा म्हणाले.

अर्धा तास, जेमतेम अर्धा तास मला हिरो बाप मिळाला होता! मी आईच्या स्फोटाची वाट बघू लागले. आता ती बोलेल, आता त्या ठरावाचं निघेल, त्या गुप्त मताचं निघेल. ती खिडकीतून बाहेर बघत होती. दुकानं गेली, बस स्टॉप गेले, ज्यांच्या दारात आम्ही डबे घेऊन उभ्या राहिलो होतो ती दोन-तीन घरं गेली.

“हेच तुम्ही तो ठराव झाला त्या दिवशी घरी येऊन सांगितलं असतंत ना,” आई शेवटी म्हणाली, “की मला नाही म्हणता आलं नाही, तर मला तीस घरांचा तो पाणचट चहा प्यावा लागला नसता.”

बाबांनी तिच्याकडे चोरून पाहिलं. तिच्या खांद्यांना काहीतरी होत होतं. मला वाटलं, रडते आहे. ती हसत होती. मग बाबाही हसायला लागले, आधी भीत भीत आणि मग मोठ्याने, आणि आमच्या गल्लीच्या तोंडाशी पोचेपर्यंत ते दोघं थांबले नाहीत. मागे पातेल्यांमध्ये बसून मी दोघांकडे बघत होते. मला हसू आलं नाही. खरं सांगायचं तर अजूनही पूर्ण येत नाही.